मदत हवी आहे : फेकता येणारा टेहळणी रोबो भिंतीआड गेला की चित्र तुटतं

नमस्कार मंडळी,

धोक्याच्या खोलीत आधी माणूस न पाठवता रोबो पाठवायचा, हे मला मनापासून पटतं. २००२ मध्ये अमेरिकी सैन्याने अफगाणिस्तानातल्या गुहा तपासायला पॅकबॉट नावाचे रोबो नेले, पण ते वागवायला जड. नंतरचा फर्स्टलूक जेमतेम अडीच किलोचा, आणि थ्रोबॉट तर अर्ध्या किलोच्या आसपास, सरळ खिडकीतून भिरकावता येणारा.

तसाच दोन चाकांचा, मागे शेपटीचा टेकू असलेला रोबो मी बनवतोय. वजन ९०० ग्रॅम. कसाही पडला तरी चालू लागतो, एवढं जमलंय.

पण दीड मीटरवरून फरशीवर पडला की गिअरबॉक्सचे दाते उडतात. काल तिसऱ्यांदा उघडला, पुन्हा तोच दुसरा गिअर, शेजारशेजारचे दोन दाते गायब. टायर मऊ केले, तरी धक्का शाफ्टमधून (चाक फिरवणाऱ्या दांड्यातून) आत जातोच. धातूचे गिअर घालू, की चाक आणि शाफ्टमध्ये रबरी जोड?

त्याहून छळतंय ते रोबोच्या कॅमेऱ्यातून रेडिओवरून येणारं चित्र. २.४ गिगाहर्ट्झवर एक काँक्रीटची भिंत पार होते, दुसरीमागे तुटतं. अँटेना जमिनीपासून जेमतेम चार सेंटिमीटरवर आहे, हेही कारण असणारच. कमी फ्रिक्वेन्सी घेतली तर अँटेना लांब होते, फेकताना मोडेल. शेपटीतच अँटेनाची तार ओवून कुणी पाहिलंय का? चित्र धूसर चालेल, अडखळलेलं नको. दाराआड कोण आहे ते त्यावरूनच कळणार असतं.