मासिकांची वर्गणी डिसेंबरात संपते, अनुदान मार्चमध्ये येतं. तुम्ही अंकांचा हिशोब कसा ठेवता?

तालुका_वाचनालय:

नमस्कार. तालुक्याच्या गावातल्या 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालयात मी 19 वर्षं ग्रंथपाल आहे. आमच्याकडे 9 दैनिकं आणि 31 नियतकालिकं येतात. म्हणजे यायला हवीत. गेल्या आठवड्यात कार्यकारी मंडळाच्या बैठकीसाठी नोंदवही घेऊन मोजायला बसले, तेव्हा 12 मासिकांचे वर्षभरात तीन किंवा त्याहून जास्त अंक आलेलेच नाहीत असं निघालं. पैसे मात्र बारा महिन्यांचे गेलेत. त्या रात्री मला झोप लागली नाही.

झालं असं. बहुतेक मासिकांची वर्गणी जानेवारी ते डिसेंबर. आमचं अनुदान एप्रिल ते मार्च, तेही दोन हप्त्यांत, आणि दुसरा हप्ता हातात पडेपर्यंत मार्च उजाडतो. डिसेंबरात नूतनीकरणाची पत्रं येतात तेव्हा खात्यात वीजबिलापुरते पैसे असतात. म्हणून दोन वर्षांपूर्वी सगळ्या वर्गण्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका एजंटाकडे दिल्या. एकच बिल, एकच चेक, शिवाय तो दोन-तीन महिने थांबायला तयार. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या वर्षी जुलैपासून गठ्ठा बारीक होत गेला आणि सप्टेंबरात त्याने फोन उचलणं बंद केलं. मी एकेका मासिकाच्या कार्यालयात फोन लावला. बऱ्याच ठिकाणी उत्तर एकच: "तुमच्या नावावर जूनपर्यंतचेच पैसे जमा आहेत."

चूक माझीही आहे. माझी नोंदवही म्हणजे फुलस्केप वही, एका नियतकालिकाला एक पान, पानावर बारा चौकोन. अंक आला की तारीख टाकायची. चौकोन रिकामा राहिला तर तो का रिकामा आहे, हे वही सांगत नाही. दोन महिन्यांचा मिळून एकच जोडअंक होता? पोस्टात गेला? छापलाच नाही? की मासिकच बंद पडलं?

एक निवृत्त एसटी कंडक्टर काका रोज चारला येतात. एका मासिकातली कादंबरी ते क्रमशः वाचत होते. ऑगस्टचा अंक आला नाही. "ताई, आला का?" असं त्यांनी सप्टेंबरात विचारलं, ऑक्टोबरात विचारलं, आणि मी दोन्ही वेळा "येईल" म्हणाले. नोव्हेंबरात त्यांनी विचारणं सोडून दिलं. हल्ली ते नुसता पेपर चाळून जातात.

आता मंडळातले काही जण म्हणतात, मासिकं बंद करा, सगळं मोबाईलवर मिळतं, त्या पैशात स्पर्धा परीक्षांची मासिकं वाढवा. ती वाढवायला माझी ना नाही. आमची मुलं रात्री नऊपर्यंत बसतात, त्यांना चालू घडामोडी ताज्याच हव्यात. पण साहित्याची आणि विचाराची मासिकं या गावात दुसऱ्या कुठल्याच टेबलावर येत नाहीत. आम्ही बंद केली की ती इथून गेलीच.

तर सांगा: वर्गणी थेट भरता की एजंटाकडून? न आलेल्या अंकाचा पाठपुरावा कधी आणि कसा करता? आणि माळ्यावर जुने अंक पडलेत, त्यांचं काय करू?

निवृत्त_ग्रंथपाल:

ताई, 33 वर्षं महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नियतकालिक विभाग सांभाळला, त्यावरून सांगतो. तुमची वही चुकीची नाही, अपुरी आहे. अंक आल्याची नोंद ती ठेवते. अंक न आल्याची आठवण करून देणारं काहीच तुमच्याकडे नाही.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांची नियतकालिकं नोंदवायची तीन पत्रकांची पद्धत शिकताना आपण सगळ्यांनी पाठ केली होती आणि परीक्षेनंतर सोडून दिली. त्यातलं मधलं, तपासणीचं पत्रक तेवढं परत आणा. चपलांचं रिकामं खोकं घ्या. त्यात महिन्यांचे बारा पुठ्ठे आणि चालू महिन्याच्या आठवड्यांचे पाच पुठ्ठे उभे लावा. दर नियतकालिकाचं एक कार्ड करा. पुढचा अंक ज्या आठवड्यात यायला हवा, त्या पुठ्ठ्यामागे ते कार्ड ठेवा. अंक आला की कार्ड उचलून पुढच्या महिन्यात टाका. शनिवारी संध्याकाळी त्या आठवड्यामागे जेवढी कार्डं उरतील, तेवढे अंक आलेले नाहीत. वही उघडून 31 पानं चाळायची गरजच नाही. माझ्याकडे 140 नियतकालिकं होती आणि शनिवारचं हे काम वीस मिनिटांत व्हायचं.

कार्डाच्या मागे स्मरणपत्राची तारीख लिहा. मासिकाला ठरल्या तारखेनंतर पंधरा दिवस थांबा, साप्ताहिकाला एक आठवडा. त्याहून उशीर करू नका. दोन-तीन महिन्यांनी पत्र गेलं की शिल्लक प्रती संपलेल्या असतात आणि मग कुणालाही दोष देता येत नाही.

थेट की एजंट, यावर माझं मत सरळ आहे. दैनिकं आणि इंग्रजी पाक्षिकं गावच्या विक्रेत्याकडून घ्या, पैसे महिना संपल्यावर, आलेल्या अंकांचेच द्या. मराठी मासिकं, साप्ताहिकं, त्रैमासिकं थेट. एजंटाकडे द्यायचीच झाली, तर प्रत्येक मासिकाच्या कार्यालयाने फाडलेली, तुमच्या वाचनालयाच्या नावाची पावती त्याने आणून दिल्याशिवाय पूर्ण रक्कम सोडू नका. त्याचं स्वतःचं बिल ही पावती नव्हे.

छोट्या_मासिकातला:

मी एका साहित्यविषयक मासिकाच्या कार्यालयात वर्गणीचं काम बघतो. टेबलाच्या या बाजूने चार गोष्टी सांगतो.

मॅडम, अंकाचं वेष्टन फाडून टाकू नका. पत्त्याच्या चिठ्ठीवर तुमचा वर्गणीदार क्रमांक असतो, आणि बरेच जण त्याखाली वर्गणी कोणत्या महिन्यात संपते तेही छापतात. एजंटाने सहाच महिन्यांचे पैसे भरलेत हे तुम्हाला जानेवारीच्या पहिल्याच वेष्टनावर दिसू शकलं असतं. ती चिठ्ठी कापून तुमच्या वहीच्या त्या पानावर डकवा. फोन करताना नुसतं "अमुक वाचनालय" सांगितलं तर आमच्या यादीत त्या नावाची सहा-सात निघतात. टिळक वाचनालयं किती आहेत याची कल्पना करा.

दुसरं, वर्गणी कुणाच्या नावावर आहे ते पाहा. पुष्कळ वाचनालयांची वर्गणी "अध्यक्ष" किंवा "कार्यवाह" यांच्या व्यक्तिगत नावाने सुरू झालेली असते. माणूस पद सोडतो, अंक त्याच्या घरी जात राहतो. पोस्टमनला तो माणूस माहीत असतो ना! नाव "ग्रंथपाल" असंच हवं, आणि पिनकोड हवाच.

तिसरं, यूपीआय. आम्हाला महिन्याला अशा पाच-सहा रकमा येतात की पाठवणारा कोण हेच कळत नाही. बँकेत दिसतं कुणा शिपायाचं किंवा खजिनदाराचं नाव. पैसे आले, पण अंक पाठवायचा कुठे? रक्कम भरल्याबरोबर पत्ता, पिनकोड आणि व्यवहाराचा क्रमांक व्हॉट्सअॅपवर टाका, आणि पावती मागून घ्या.

आणि अनुदानाचं. आम्हाला ते ठाऊक आहे. डिसेंबरात एक पत्र पाठवा की मार्चअखेर वर्गणी भरतो, तोवर अंक चालू ठेवा. आम्ही वाचनालयांसाठी तीन महिने थांबतो. छोटी मासिकं वाचनालयांच्या वर्गणीवरच उभी आहेत, एका वाचनालयाचा अंक किती जण वाचतात ते आम्हाला पत्रांतून कळतं. याहून बरं म्हणजे वर्गणीचं वर्षच एप्रिल ते मार्च करून घ्या. एकदाच पंधरा महिन्यांचे पैसे भरायचे, पुढे दरवर्षी बिनघोर.

आमच्याकडे दर महिन्याला छापून पन्नासेक प्रती जादा राहतात. चौकशीचा फोन वेळेत आला तर दुसरी प्रत आम्ही तक्रार न करता पाठवतो.

अभियांत्रिकी_ग्रंथपाल:

आमच्याकडे कोहा हे ग्रंथालयाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात नियतकालिकाचा कालावधी आणि खंड-अंकाचा क्रम एकदा भरला की पुढचा अंक कधी अपेक्षित आहे ते आपोआप दिसतं, मुदत उलटली की 'उशीर' अशी खूण होते. निवृत्त सरांचं खोकंच ते, पडद्यावर. पण मराठी मासिकांना त्यात अडचण येते ती जोडअंकांची. मे-जून एकत्र, ऑक्टोबर-नोव्हेंबरचा दिवाळी अंक, कधी कधी डिसेंबरही त्यातच. दरवेळी क्रम हाताने दुरुस्त करावा लागतो. 31 नियतकालिकांसाठी खोकंच बरं, असं माझं प्रामाणिक मत.

तुमच्या मंडळात कुणी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'चं नाव काढलं तर आधीच सांगून ठेवा. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेली ती योजना 30 प्रकाशकांच्या सुमारे 13,000 संशोधनपत्रिकांसाठी आहे, 2025 ते 2027 या तीन वर्षांना 6,000 कोटी. लाभ सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना आणि केंद्राच्या संशोधनसंस्थांना. सार्वजनिक वाचनालय त्यात नाही, आणि तुमच्या टेबलावरची मासिकंही नाहीत.

"मोबाईलवर सगळं मिळतं" हे अर्धंच खरं. 'किशोर' या मुलांच्या मासिकाचे 1971 पासूनचे अंक बालभारतीने मोफत खुले केलेत, ते मुलांना जरूर दाखवा. पण बहुतेक छोट्या मासिकांचा कागदी अंक हाच एकमेव अंक असतो.

निवृत्त_ग्रंथपाल:

माळ्यावरच्या अंकांचं राहिलं होतं. रद्दीवाल्याला बोलावण्याआधी एक दिवस काढा. वर्षवार लावा. पूर्ण वर्ष असेल ते बांधून घ्या, पुस्तकांसारखा दाखल क्रमांक द्या. स्पर्धा परीक्षांचे आणि चित्रपटविषयक अंक दोन वर्षांनंतर मंडळाच्या ठरावाने निर्लेखित करायला, म्हणजे नोंदीतून कमी करायला, हरकत नाही. पण तुमच्या जिल्ह्यातून निघालेलं त्रैमासिक, शाळेचा वार्षिकांक, साखर कारखान्याचा गौरव अंक, यातलं एक पानही देऊ नका. 1954 च्या कायद्याने प्रकाशकांनी देशातल्या चार ठरावीक ग्रंथालयांना पुस्तकांच्या प्रती पाठवायच्या असतात, दोन वर्षांनी त्यात नियतकालिकंही आली. पण तुमच्या गावचं त्रैमासिक तिथे पोचलंच असेल असं धरून चालू नका. 'सत्यकथा' हे गाजलेलं साहित्यिक मासिक 1982 मध्ये बंद झालं, आणि आज त्यातली एखादी कथा मूळ अंकात बघायची तर संशोधक मुंबई-ठाण्याच्या ग्रंथसंग्रहालयांपर्यंत जातो. तेव्हा ते महिन्याला टेबलावर येऊन पडायचं, म्हणून कित्येकांनी ते रद्दीत घातलं.

अजून एक. 'आजीव वर्गणी' भरताना विचार करा. आयुष्य वाचनालयाचं मोजायचं की मासिकाचं, हे पावतीवर लिहिलेलं नसतं. तीन किंवा पाच वर्षांची घ्या.

तालुका_वाचनालय:

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण करून बघितल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

खोकं केलं. आमच्या शिपाईकाकांनी लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापून दिले. पहिल्या शनिवारी मागे सात कार्डं उरली, दुसऱ्या शनिवारी तीन. बाराही मासिकांना फोन केले. दोन बंद पडलेली निघाली. पाच जणांनी राहिलेले अंक पाठवले, त्यातल्या दोघांनी पैशाचा विषयही काढला नाही. एकाकडे आमची वर्गणी अजून चालू होती आणि अंक खरंच जुन्या कार्यवाहांच्या घरी जात होते! मी जाऊन आणले. सात अंक, वेष्टनही न काढलेले, गुंडाळी तशीच. त्यांच्यावर दोन दिवस शब्दकोशाचे खंड ठेवले तेव्हा कुठे ते सरळ झाले. उरलेले चार अजून शोधताहेत.

मंडळापुढे चिकटवलेल्या चिठ्ठ्यांसकट वही ठेवली. 31 पैकी 24 चालू ठेवायचं ठरलं, सगळी थेट, एप्रिलपासून. सात बंद केली त्यातलं एक माझ्या आवडीचं होतं. पण दोन वर्षांत कुणी हात लावल्याचं मला आठवेना, त्यामुळे भांडले नाही.

काकांच्या मासिकाचे सप्टेंबर आणि ऑक्टोबर मिळाले. ऑगस्टच्या प्रती कार्यालयातही संपल्यात. काकांना फोन केला तर म्हणाले, "मधलं प्रकरण सोडून पुढचं नाही वाचणार, थांबतो." वाचायला कुणाकडे मिळेल का? मासिकाचं नाव आणि खंड-अंक खाजगी निरोपात कळवते, वाचून झाल्यावर स्पीड पोस्टाने परत करीन.

निवृत्त_ग्रंथपाल:

निरोप पाहिला. माझ्या घरी आहे, कोपऱ्यावर चहाचा डाग पडलाय. उद्या टाकतो, परत पाठवू नका. तुमची फाइल पूर्ण होऊ दे.