कायनेजच्या डॉकिंगसाठी व्हिना, ग्लाइड की गोल्ड?

प्रश्न
एका कायनेजच्या (फॉस्फेट जोडणारं एन्झाइम) एटीपी-खिशात, म्हणजे एटीपी जिथे बसतो त्या पोकळीत, ५०,००० रेणू डॉक करून (संगणकावर बसवून बघून) छाननी करायची आहे. ८ कोअरचा संगणक आणि एक जीपीयू आहे. डॉकिंगच्या सॉफ्टवेअरपैकी ऑटोडॉक व्हिना फुकट, ग्लाइड आणि गोल्ड परवान्याचे. व्हिनात री-डॉकिंगचा (ज्ञात रेणू पुन्हा त्याच्याच खिशात बसवण्याचा) आरएमएसडी, म्हणजे अणूंचं मूळ जागेपासूनचं सरासरी अंतर, ०.६ अँगस्ट्रॉम आला. तेवढ्यावर व्हिना पक्कं करावं का?

उत्तर १
०.६ वर भुलू नका. लिगँड (खिशात बसणारा रेणू) स्फटिक-रचनेतूनच उचलला असेल, तर व्हिना त्याचे फिरणारे बंध तेवढे फिरवतं. बंधकोन आणि वलयांचा आकार मूळचाच राहतो. अर्धी उत्तरपत्रिका आधीच भरलेली! स्माइल्सपासून (रेणूची एका ओळीतली अक्षरी नोंद) आरडीकिट या सॉफ्टवेअरने नवा त्रिमितीय आकार बनवा आणि तो डॉक करा. आरएमएसडी काढताना दोन आकृत्या आधी एकमेकींवर बसवू नका, नाहीतर खिशाबाहेर पडलेला लिगँडही छान जुळलेला दिसतो. २ अँगस्ट्रॉमच्या आत आलं तर पुढे जा.

खरी कसोटी क्रॉस-डॉकिंगची: हाच लिगँड त्याच कायनेजच्या दुसऱ्या रचनेत घाला. प्रथिन ताठ धरलं की डीएफजी-इन रचनेत (डीएफजी हा कायनेजमधला तीन अमिनो आम्लांचा तुकडा आत वळलेला असताना) टाइप-२ इनहिबिटर (रोधक) कुठलंच सॉफ्टवेअर नीट बसवणार नाही, कारण त्याला लागणारा मागचा कप्पा तिथे बंद असतो. परवाना घेऊनही हे सुटत नाही.

उत्तर २
वेळेचा हिशेब मांडा. रेणूमागे ३० सेकंद धरले तरी १७ दिवस. ऑटोडॉक-जीपीयू बरंच वेगवान आहे, पण ते ऑटोडॉक ४ चं स्कोअरिंग (रेणू किती घट्ट बसतो त्याचे गुण) वापरतं आणि ऑटोग्रिडचे नकाशे (खिशातल्या ऊर्जेचे) आधी बनवावे लागतात. त्याचे आणि व्हिनाचे आकडे एका यादीत मिसळू नका.

ग्लाइडमध्ये एचटीव्हीएस, एसपी, एक्सपी अशा एकीखाली एक चाळण्या आहेत (वेगवान पण ढोबळ ते सावकाश पण काटेकोर), शिवाय हिंजशी (कायनेजचे दोन भाग जोडणारा पट्टा) हायड्रोजन बंध हवाच अशी अट घालता येते. कायनेजसाठी ही अट मोलाची. पण व्हिनाचे पोझ (रेणू बसवल्याच्या मांडण्या) आल्यावर तीच अट छोट्या स्क्रिप्टने लावता येते.

उत्तर ३
व्हिनाचं स्कोअरिंग आंशिक विद्युतभार वाचतच नाही, त्यामुळे ते कोणत्या पद्धतीने काढले यावर डोकं खपवू नका. टॉटोमर (हायड्रोजनची जागा बदललेलं रेणूचं रूप) मात्र तपासा: चुकला की हायड्रोजन बंधाचे दाता-ग्राही उलटतात आणि हिंजचा बंध जातो. एक्झॉस्टिव्हनेस (शोध किती कसून घ्यायचा ते) मुळात ८ असते. निवडक रेणूंसाठी ३२ करा. शोधाची पेटी दर बाजूला ३० अँगस्ट्रॉमच्या आत ठेवा.

उणे ८.९ आणि उणे ८.६ या स्कोअरांत फरक मानू नका. मोठ्या रेणूंना स्कोअर आपसूक चांगला मिळतो, म्हणून वरचे रेणू नुसते अवजड नाहीत ना ते बघा. वरचे हजारभर निना या न्यूरल नेटवर्क वापरणाऱ्या सॉफ्टवेअरने पुन्हा गुणांकित करा.

प्रश्नकर्ता
खिशातलं पाणी सरसकट काढायचं?

उत्तर ३
नाही. बहुतेक रचनांत त्याच जागी दिसणारा पाण्याचा रेणू ठेवा, बाकीचे काढा. शंका असेल तर पाण्यासह आणि पाण्याविना, दोन्ही चालवा. गोल्डमध्ये डॉकिंग चालू असतानाच पाणी ठेवायचं की वगळायचं हे ठरवता येतं. परवाना मिळत असेल तर गोल्ड घ्यायला हे कारण पुरेसं आहे.