मदत हवी आहे: म्युझिक लेबलच्या करारात मास्टरचे (गाण्याच्या मूळ रेकॉर्डिंगचे) हक्क परत कसे मागायचे?

पुण्यातल्या आमच्या मराठी बँडला एका लेबलने तीन गाण्यांचा करार पाठवलाय. मास्टर कायमचे त्यांचे, अ‍ॅडव्हान्स आणि व्हिडिओचा खर्च आमच्या रॉयल्टीतून वळता, वर पुढच्या गाण्यांवरही पहिला हक्क. हे फारच एकतर्फी आहे.

गाणी आमच्याच पैशांनी कोथरूडला रेकॉर्ड झालीत, मल्टिट्रॅक (प्रत्येक वाद्याच्या-आवाजाच्या वेगळ्या फाइल्स) आमच्याकडेच आहेत. गीत-संगीताची रॉयल्टी कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीमुळे सुरक्षित आहे, आयपीआरएसची (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेची) नोंदणीही झालीय. अडलंय ते फक्त मास्टरपाशी. पाच वर्षांचं लायसन्स सुचवलं, ते त्यांना नको. व्हिडिओ स्वतः करण्याइतके पैसे नाहीत, त्यामुळे ‘लेबलच नको’ हा सल्ला उपयोगाचा नाही.

खर्च वसूल झाल्यावर मास्टर परत मिळतील, अशी अट नव्या बँडसाठी कुणी मान्य करून घेतलीय का? आणि व्हिडिओच्या खर्चाची कमाल मर्यादा करारात नेमकी कशी लिहायची?