मदत हवी आहे: लांबच्या क्रूझवरून ऑफिसचं काम कोणी केलंय का?

नमस्कार मंडळी. मी नागपूरची, मिहानमधल्या एका आयटी कंपनीत टेस्टिंगला आहे, बरंचसं काम घरूनच असतं. येत्या नोव्हेंबरात आई-बाबांना घेऊन दादाकडे फ्लोरिडाला जायचंय आणि तिकडे थेट विमानाने न जाता बार्सिलोनाहून मायामीपर्यंत जहाजाने जायचा विचार करून राहिलो आहे आम्ही. बाबा वेकोलित (वेस्टर्न कोलफिल्ड्स, सरकारी कोळसा कंपनी) होते, सगळी नोकरी सावनेरकडच्या भूमिगत खाणीत गेली, आणि एकदा तरी चारी बाजूंनी नुसतं पाणी पाहायचं हे ते मी शाळेत होती तेव्हापासून म्हणतात. त्यामुळे ही ट्रिप मला करायचीच आहे. पण सुट्ट्या तेवढ्या शिल्लक नाहीत, दादाकडे राहायचे दिवस धरले की जहाजावर काम करावंच लागते.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, युरोपातला उन्हाळ्याचा सीझन संपला की तिकडची बरीच जहाजं हिवाळ्यासाठी कॅरिबियनकडे जातात आणि वसंतात परत येतात, त्याला रिपोझिशनिंग क्रूझ म्हणतात. एकाच बाजूचा प्रवास आणि बंदरं कमी, म्हणून दर रात्रीच्या हिशोबाने बरीच स्वस्त पडते. आम्ही पाहिलेली साधारण दोन आठवड्यांची आहे, बार्सिलोना, मालागा, तेनेरीफ बेट, आणि तिथून पुढे आठवडाभर जमीनच नाही. माझा प्रश्न त्याच आठवड्याचा आहे.

नेटबद्दल वाचलं बरंच. आधी जहाजांवर जे सॅटेलाइट असायचे ते ३५,७८६ किमी वर, त्यामुळे बोललेलं जाऊन परत यायलाच अर्धा सेकंद लागायचा, कॉलवर सगळे एकमेकांच्या बोलण्यावर बोलायचे. स्टारलिंकचे साधारण ५५० किमी वर असतात, आणि रॉयल कॅरिबियनने २०२२ मध्ये ते सगळ्या जहाजांवर बसवायचं जाहीर केल्यावर बाकीच्याही कंपन्या तिकडे वळल्या. म्हणजे कॉल व्हायला पाहिजे. पण ज्या दिवशी बंदर नसतं त्या दिवशी हजारो लोक एकदमच नेटवर असतील, तेव्हा स्क्रीन शेअर करून तासभराची मीटिंग खरंच टिकते का? आणि ऑफिसचा व्हीपीएन (कंपनीच्या सिस्टीमला सुरक्षित जोडणारं कनेक्शन) चालतो का, काही जहाजांवर ब्लॉक करतात म्हणे. सिमचा काही भरवसा नाही, साध्या इंटरनॅशनल रोमिंग पॅकमध्ये बहुतेक वेळा जहाजावरचं नेटवर्क धरतच नाहीत आणि बिल भयंकर येतं, त्यामुळे फोन फ्लाइट मोडवरच ठेवणार आहे. म्हणजे जहाजाचं वायफाय गेलं की दुसरी सोयच नाही, हे मॅनेजरला आधीच स्पष्ट सांगावं असं मला वाटतं.

पण मला जास्त काळजी घड्याळाची आहे आणि याबद्दल कोणी नीट लिहिलेलं सापडलं नाही. नोव्हेंबरात बार्सिलोना आपल्यापेक्षा साडेचार तास मागे आणि मायामी साडेदहा तास मागे, म्हणजे वाटेत सहा वेळा रात्री घड्याळ एकेक तास मागे करतात. माझी शिफ्ट सकाळी ११ ते रात्री ८. बार्सिलोनात ती पहाटे साडेसहाला सुरू होईल, मध्य समुद्रात साडेतीन-चारला, आणि मायामीजवळ पोचेपर्यंत रात्री साडेबाराला! झोप कधी घ्यायची आणि बाबांसोबत डेकवर कधी बसायचं? क्लायंट न्यू जर्सीचा आहे, त्यांचा स्टँडअप (रोजची छोटी मीटिंग) आपल्या संध्याकाळी साडेसातला असतो, तो मात्र जहाजावर दुपारी ३ पासून सरकत सकाळी ९ ला येईल, त्याचा त्रास नाही. म्हणून मी असं सुचवणार आहे की भारताच्या संध्याकाळी साडेपाच ते साडेनऊ मी टीमसोबत पक्की ऑनलाइन, सकाळचा हँडओव्हर त्यातच घेऊ, आणि उरलेले टेस्ट केस माझ्या सोयीने. हे सुरुवातीला दुपारी १ ते ५ आणि शेवटी सकाळी ७ ते ११ असं बसतं. कोणी असं केलं असेल तर सांगा नं, कंपनी मानते का? की ते दिवस सरळ अर्ध्या सुट्ट्या टाकणं बरं?

व्हिसाचं एवढं कळलं की अमेरिकेचा बी१/बी२ (पर्यटनाचा) आणि युरोपचा शेंगेन दोन्ही लागतील. तेनेरीफ स्पेनचंच असल्यामुळे शेंगेन सिंगल एन्ट्री पुरेल, पण मध्ये मोरोक्को किंवा जिब्राल्टर असलेलं जहाज घेतलं तर आधी नीट तपासावं लागेल. काम फक्त भर समुद्रात असतानाच करायचं, मायामीत उतरल्यावर लॅपटॉप उघडायचा नाही असं ठरवलंय. तरी आयटी सिक्युरिटीला आधी मेल करून लेखी परवानगी घ्यावी का? जहाजाचं नेट कुठल्याही देशाचा आयपी दाखवू शकतं आणि अकाउंट लॉक झालं तर तिथून कोणाला फोन करणार.

केबिन तिघांची एकच आहे, आई लवकर झोपते, त्यामुळे बाहेर बसावं लागेल. लायब्ररीत कॉल घेऊ देतात का, आणि बुफेच्या हॉलमध्ये नाश्त्याची गर्दी ओसरल्यावर बसता येते का? एक्स्टेंशन बोर्ड जप्त करतात असं वाचलं, मग दोन लॅपटॉप आणि बाबांचं बीपी मशीन कसं चार्ज करता तुम्ही? अजून एक, मला बसमध्ये मोबाईल पाहिला तरी मळमळते. मळमळीवरची अव्होमिन गोळी घेतली की झोप येते, तिच्यावर टेस्टिंग होणार नाही. मधल्या भागात, खालच्या डेकवर केबिन घेतली की हलणं कमी जाणवतं म्हणतात, तर अटलांटिकमध्ये स्क्रीनवर काम करताना खरंच फरक पडतो का?

इथल्या एजंटकडे सिंगापूर आणि गोव्याच्या क्रूझची सगळी माहिती मिळाली, पण कामाचं विचारलं की उत्तर मिळत नाही. मर्चंट नेव्हीतले किंवा क्रूझवर नोकरी केलेले कोणी असतील, विदर्भातलेच असं काही नाही, तर प्लीज लिहा, विशेषतः व्हीपीएन आणि घड्याळाबद्दल. बुकिंगचे पैसे पुढच्या आठवड्यात भरायचे आहेत आणि त्याआधी मला मॅनेजरशी बोलायचंय. व्यनि (खाजगी मेसेज) केला तरी चालेल.