'बुराबुरा' आणि 'अमायादोरि'ला मराठीत काय म्हणाल?

ओसरी :
कामानिमित्त सध्या ओसाकात आहे. जून म्हणजे इथला 'त्सुयु', पावसाचे दिवस. 'उमे' नावाचं आंबट फळ पिकतं त्या सुमाराचा पाऊस, म्हणून लिहिताना 'उमे' आणि 'पाऊस' अशी दोन चित्राक्षरं काढतात. काल सुट्टी होती आणि सकाळपासून धार लागलेली. किल्ला बघायचा बेत गुंडाळला आणि तेन्जिनबाशिसुजिच्या बाजारात शिरलो. हा बाजार सुमारे २.६ किलोमीटर लांब, डोक्यावर सलग छप्पर. आडवा मोठा रस्ता आला की तेवढ्यापुरतं छप्पर तुटतं. मग पंधरा-वीस पावलांसाठी सगळे छत्र्या उघडतात आणि पलीकडे पोचले की झटकून मिटतात. घ्यायचं काही नव्हतं, पोचायचं कुठे नव्हतं. संध्याकाळी सहकाऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे बुराबुरा!"

रात्री रोजनिशी लिहायला बसलो आणि अडलो. 'भटकलो' म्हटलं की पाठीवर सॅक आणि समोर गड दिसतो. 'फेरफटका' अर्ध्या तासात आटोपतो. मग काय लिहू?

चिंचोका :
उंडारलो.

ओसरी :
ते आमच्या आईच्या तोंडचं. "कुठं उंडारत होतास?" याला आजही उत्तर सुचत नाही.

सांजसकाळ :
मग चिंचोका फार चुकलेले नाहीत. बुराबुरालाही ती बाजू आहे. मुळात तो लोंबणारी वस्तू झुलते त्याचा शब्द. त्यावरून हातपाय सैल सोडून चालणं. आणि नोकरी सुटलेला मुलगा घरी काय करतो? बुराबुरा करतो. म्हणजे प्रेमाने म्हणा नाहीतर कपाळाला आठ्या घालून, शब्द तोच.

टोक्योत याचं भावंड आहे, 'गिन्बुरा' : गिन्झात बुराबुरा. तैशो काळात (१९१२-२६) रूढ झालेला शब्द. याची एक चविष्ट कथा सांगतात, की 'बुरा' म्हणजे बुराजिरु, अर्थात ब्राझील; गिन्झातल्या १९११ सालच्या कॅफे पाउलिस्तात जाऊन ब्राझीलची कॉफी पिणं म्हणजे गिन्बुरा. कॉफीवाल्यांना ही व्युत्पत्ती आवडणारच! कोशात मात्र निमूटपणे 'रमतगमत फिरणे' एवढंच दिलेलं असतं. तुमच्या ओसाकाचा 'शिन्बुरा' आहे, शिन्सायबाशीच्या बाजारातला.

ओसरी :
आणि 'सुजि' म्हणजे काय? इथे निम्म्या रस्त्यांना सुजि म्हणतात.

सांजसकाळ :
ओसाकात दक्षिणोत्तर रस्ता तो सुजि, पूर्वपश्चिम तो 'तोरि'. एरवी सुजि म्हणजे शीर, स्नायूचा दोरा. रस्ता म्हणजे शहराची शीर, असं समजा.

कौलारू :
मूळ प्रश्नाला 'रमतगमत' पुरे आहे की.

ओसरी :
'रमतगमत'ला पुढे क्रियापद लागतं, आणि मला त्यात मुक्कामाचं ठिकाण दिसतं. रमतगमत *घरी आला*, रमतगमत *शाळेत गेला*. बुराबुरात कुठे जायचंच नसतं. 'रेंगाळलो' जास्त जवळचं वाटतं, पण त्यात पुन्हा उशीर आहे.

दुसरा शब्द त्याहून अवघड. बाजार संपला आणि पाऊस वाढला, तेव्हा एका बंद दुकानापुढे चारपाच जण उभे होतो. कुणी बोलत नव्हतं. एक आजी पिशवीतला ओला कोबी रुमालाने पुसत होत्या. याला 'अमायादोरि' म्हणतात : 'आमे' म्हणजे पाऊस (जोडशब्दात 'अमा'), आणि 'यादोरि' म्हणजे मुक्काम. पावसाने घडवलेला मुक्काम! आपल्याकडे पावसाला ढीगभर शब्द : वळीव, सर, झड, संततधार, रिपरिप, भुरभुर. पण पावसामुळे माणूस जे करतो त्याला एका शब्दाचं नाव नाही.

चिंचोका :
पाऊसवस्ती. वस्तीची एसटी असते तशी.

कौलारू :
नको! महापालिका त्याच्यावर पाटी लावेल.

मोठी आई :
अहो, वळचण विसरलात का सगळे? आमच्याकडे सर आली की वळचणीला उभं राहायचं. पायापुढे पागोळ्यांनी मातीत ओळीने खड्डे पडलेले असायचे. ते मोजेपर्यंत पाऊस ओसरायचा.

सांजसकाळ :
वा! छपराची पुढे आलेली कड ती जपानीत 'नोकिसाकि', आणि अमायादोरि ठरलेली तिच्याचखाली. पागोळ्यांना 'अमादारे'. जोडी जमली.

कौलारू :
जमली, पण वळचण हल्ली बिघडली आहे. पेपरात कुणी 'सत्तेच्या वळचणीला' गेल्याशिवाय हा शब्द भेटत नाही. घरांना स्लॅब आले, वळचण गेली, पुढाऱ्यांपुरती उरली.

मोठी आई :
म्हणून आपण सोडायची का? माणूस वळचणीला उभा आहे असं लिहा, पाऊस आपोआप कळतो.

ओसरी :
लिहिलं. "दुपारभर रेंगाळलो, मग अर्धा तास वळचणीला." ही ओळ मला तरी शोभते. भुरभुरीला इथे 'शितोशितो' म्हणतात. तो आवाज न करणारा, शांत पाऊस, त्यात कंटाळा नाही. आपल्या 'रिपरिप'मध्ये मात्र आहे, आणि 'पिरपिर' तर लहान मूलही करतं.

कौलारू :
ऊन-पावसाला काय म्हणतात?

ओसरी :
कोल्ह्याचं लग्न! 'कित्सुने नो योमेइरि', कोल्ह्याची नवरी सासरी निघते. थेट आपलंच. सहकाऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने दोनदा खात्री करून घेतली, की भारतातसुद्धा कोल्हाच?

आता शेवटची शंका. दुकानात शिरताना ओली छत्री घालायला लांबट प्लास्टिकची पिशवी देतात. तिला काय म्हणू?

मोठी आई :
अभ्रा. उशीला असतो तसा.

चिंचोका :
आणि त्यात अभ्रही आलं.