सल्ला हवा: घरून काम, काम तेच, पगार सव्वातीन लाख कमी

घाटावरची: कराडला राहून पुण्यातल्या एका कंपनीचं टेस्टिंगचं काम घरून करते, तीन वर्षं झाली. माझ्याबरोबरच रुजू झालेल्या मुलाला वर्षाला सव्वातीन लाख जास्त मिळतात, हे त्याच्याच तोंडून निसटलं. काम तेच. वर रात्री साडेनऊचा कॉल माझ्या गळ्यात, का तर 'तू घरीच असतेस ना'. अहो, तोही घरीच असतो! मुलगी चार वर्षांची आहे. पगाराचा विषय कसा काढू? नोकरी बदलणं आणि पुण्याला जाणं सोडून सांगा.

जुना_पुणेकर: नोकरी बदला. मी तीनदा बदलली, पस्तावलो नाही. आणि पुण्यात या, रोज समोर दिसणाऱ्याचाच पगार वाढतो.

सासुरवाशीण: +१, नोकरी बदला. मी घरून करायचे तेव्हा आधी कुरिअर, मग गॅसवाला, मग सासऱ्यांचा चहा. शेवटी स्वयंपाकाला बाई लावली. दोन वेळचे साडेचार हजार.

चहाबाज: साडेचार? कुठे? आमच्याकडे नुसत्या पोळ्यांचे तेवढे घेतात.

सासुरवाशीण: सोलापूर.

काळा_कोट: १९७६ च्या समान वेतन कायद्यातली तरतूद आता २०१९ च्या वेतन संहितेत आहे. काम तेच किंवा त्याच स्वरूपाचं असेल, तर बाई-पुरुष म्हणून पगारात फरक करता येत नाही. पण भांडायचं तर कागद लागतात. ऑफर लेटर, रेटिंग, रात्रीच्या कॉलच्या तारखा आजपासून जपून ठेवा. आणि त्या मुलाचं नाव घेऊ नका, बिचारा अडकेल.

एकटा_जीव: सगळं बायकांनाच कसं होतं? मीही रात्री अकरापर्यंत बसतो.

चहाबाज: आणि भांडी? सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत बायकांची घरकामाची दिवसाला २८९ मिनिटं भरली, पुरुषांची ८८. तीही जे पुरुष करतात त्यांची.

एकटा_जीव: एकटा राहतो. मीच घासतो.

चहाबाज: मग तुम्ही त्या ८८ वाल्यांतले. चहा घ्या.

सासुरवाशीण: कागद जपून ठेवा, हेच सांगणार होते.

घाटावरची (आठ दिवसांनी): बोलले. पैशांचं एप्रिलमध्ये काढणार. आधी कॉल वाटून घेतला, एक दिवस मी, एक दिवस तो. मेलवर लेखी घेतलं.

जुना_पुणेकर: चुकलात. आधी पैसे मागायचे.

घाटावरची: असेल. काल त्याची पहिली पाळी होती. पावणेअकराला मेसेज आला, 'हे रोज असतं का?'