मदत हवी आहे: एलएलव्हीएम बिल्ड करताना जीसीसी दर वेळी वेगळ्याच फाइलवर कोसळतो, मेमटेस्टमध्ये मात्र एकही चूक नाही

नमस्कार.

गेल्या तीन आठवड्यांत माझ्या डेस्कटॉपवर एलएलव्हीएमचे (कंपायलर बनवण्याच्या एका मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पाचे) पूर्ण बिल्ड, म्हणजे सोर्स कोडपासून प्रोग्रॅम तयार करण्याचे काम, एका दमात पार पडलेले नव्हते. एकाच वेळी बारा जॉब लावून निंजा हे बिल्ड चालवणारे साधन चालू केले की कधी दहाव्या, तर कधी चाळिसाव्या मिनिटाला ‘इंटर्नल कंपायलर एरर: सेगमेंटेशन फॉल्ट’ असा संदेश येई आणि काम थांबे. तीच आज्ञा पुन्हा दिली की ज्या फाइलवर कंपायलर कोसळला होता ती विनातक्रार तयार होई आणि पुढे भलत्याच फाइलवर तोच प्रकार घडे. जीसीसीत, म्हणजे या कंपायलरमध्येच, खरोखर बग असता, तर तो दर वेळी त्याच फाइलवर, त्याच ओळीवर दिसला असता. कोसळल्यावर जीसीसी स्वतःच ती फाइल पुन्हा कंपाइल करून पाहतो आणि निकाल जुळला नाही, तर हा दोष पुन्हा घडवता येत नसल्याने तो बहुधा हार्डवेअरचा किंवा ऑपरेटिंग सिस्टीमचा असावा, असे सांगतो. माझ्या लॉगमध्ये हे वाक्य अकरा वेळा आले आहे.

यंत्र असे आहे: सहा कोअर व बारा थ्रेडचा प्रोसेसर, डेबियन १२, कर्नल ६.१ आणि डेबियनचाच जीसीसी १२. ओव्हरक्लॉकिंग केलेले नाही, असे मी आधी लिहिणार होते. पण बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी तयार सेटिंग) चालू आहे आणि तेही रॅमचे ओव्हरक्लॉकिंगच असल्यामुळे ते सांगितलेच पाहिजे. पूर्वी १६ जीबीच्या दोन रॅम स्टिक होत्या, आणि दोन वर्षांत असे एकदाही झाले नव्हते. गेल्या महिन्यात त्याच मॉडेलच्या आणखी दोन घेतल्या. चारही स्टिक डीडीआर४-३२००, ड्युअल रँक (एका स्टिकवर चिपचे दोन गट असलेल्या) आणि एक्सएमपीत १.३५ व्होल्टवर चालणाऱ्या आहेत.

मेमरी कमी पडते आहे का, हे सर्वांत आधी पाहिले. तसे असते, तर कर्नलने कंपायलरची प्रक्रिया सिग्नल ९ देऊन मारली असती आणि डीमेसगमध्ये (कर्नलच्या नोंदींत) ‘आउट ऑफ मेमरी’ची ओळ आली असती, इथे सिग्नल ११, म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट, आहे आणि ६४ जीबीपैकी निम्मी मेमरीही वापरात नसते. पूर्ण भार असतानाही प्रोसेसरचे तापमान ७८ अंशांच्या वर जात नाही. २०१७ मध्ये एएमडीच्या पहिल्या पिढीच्या काही रायझन प्रोसेसरांवर लिनक्समध्ये जड बिल्ड करताना असेच सेगफॉल्ट येत असत, आणि २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांतील अस्थिरतेसाठी मायक्रोकोड सुधारणा आल्या, हे मला ठाऊक आहे. माझा प्रोसेसर या दोन्हींपैकी नाही.

माझा संशय पक्का झाला तो एका वेगळ्याच चुकीमुळे. एकदा कंपायलर कोसळला नाही, उलट स्टँडर्ड लायब्ररीच्या हेडरमध्ये ‘व्हॅक्टर’ नावाचे काही घोषित केलेले नाही, अशी तक्रार त्याने केली. हेडर उघडून पाहिले, तर ‘व्हेक्टर’ या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमधील ‘ई’च्या जागी खरोखरच ‘ए’ होता. आस्की संकेतात ‘ई’चा क्रमांक १०१ आणि ‘ए’चा ९७ आहे; दोहोंत नेमका एका बिटाचा फरक आहे. पेज कॅशे (वाचलेल्या फाइलींच्या रॅममधील प्रती) रिकामी करून तीच फाइल पुन्हा वाचली, तेव्हा स्पेलिंग बरोबर आले आणि चेकसमही (फाइलीवरून काढलेला पडताळणीचा आकडा) पॅकेजशी जुळला. म्हणजे डिस्कवरची फाइल शाबूत होती. बिट उलटला होता तो रॅममधील प्रतीत. माझी रॅम ईसीसी (अशा चुका ओळखून दुरुस्त करणाऱ्या) प्रकारची नसल्यामुळे याची कुठेही नोंद झाली नाही.

तरीही मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवल्यावर चार फेऱ्यांत एकही चूक आली नाही. म्हणून स्टिक बदलून पाहिल्या. फक्त जुन्या दोन लावून तीन बिल्ड केली, तिन्ही पूर्ण झाली. त्याच स्लॉटमध्ये फक्त नव्या दोन लावल्या, तेव्हाही तिन्ही पूर्ण झाली. चारही लावून वेग ३२०० ठेवला की तासाभराच्या आत बिल्ड कोसळते. काल चारही ठेवून वेग २६६६ वर आणला आणि तेव्हापासून पाच बिल्ड सलग झाली आहेत. प्रोसेसरच्या माहितीपत्रकात दोन स्टिकसाठी ३२००, तर चार ड्युअल रँक स्टिकसाठी २६६७ हाच अधिकृत वेग दिलेला आहे, हे मी खरेदीच्या वेळी वाचले नव्हते.

जाणकारांना माझी विनंती आहे की, पाच बिल्ड सलग झाली म्हणजे दोष गेला असे धरावे, की तो केवळ विरळ झाला असेल, हे कृपया सांगावे. यंत्रावर मुद्दाम ताण देणाऱ्या स्ट्रेस-एनजी या साधनाच्या मेमरी चाचण्या पडताळणीसह आणि सोबत बिल्ड चालू ठेवून किती तास चालवल्या म्हणजे निर्धास्त होता येईल? नव्या स्टिक बदलून घेण्याची मुदत शनिवारी संपते. चारही ठेवून कमी वेग स्वीकारावा, की त्या परत करून ३२ जीबीच्या दोन घ्याव्यात, हे मला तोवर ठरवायचे आहे. मेमरी कंट्रोलरचे व्होल्टेज वाढवून ३२०० गाठण्याचा सल्ला कृपया देऊ नये. हे यंत्र रोजच्या कामाचे आहे.

यापेक्षा मोठी काळजी डेटाची आहे. याच तीन आठवड्यांत आईच्या जुन्या पत्रांचे सुमारे चारशे स्कॅन मी या यंत्रावर उतरवले आणि ज्यावर ते होते ते मेमरी कार्ड पुसून टाकले. माझी फाइल सिस्टीम एक्स्ट४ आहे, ती डेटाचा चेकसम ठेवत नाही. चेकसम ठेवणारी बीटीआरएफएस असती तरी लिहिण्यापूर्वीच बिघडलेला बिट तिला बरोबरच वाटला असता. जे स्कॅन पीएनजी आहेत, त्यांच्या प्रत्येक खंडासोबत सीआरसी हा चेकसम असल्याने पीएनजीचेक या साधनाने ते तपासले आणि दोन सदोष निघाले. ती दोन पत्रे पुन्हा स्कॅन करीन. परंतु दोनशेहून अधिक स्कॅन जेपेग आहेत आणि जेपेगमध्ये अशी सोय नाही. प्रत्येक चित्र डोळ्यांनी न्याहाळण्याखेरीज त्यांतील एखादा उलटलेला बिट शोधण्याचा काही मार्ग आहे का?